पहिल्या स्टोअर्ड प्रोसीजरचे पॅरामीटर अडले की: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमधल्या गंगापूर रोडच्या संध्याकाळच्या डेटाबेस बॅचला पहिली स्टोअर्ड प्रोसीजर (डेटाबेसमध्येच नाव देऊन साठवलेला एसक्यूएल कोड) लिहायला दिली की पुढचे दोन-तीन दिवस माझ्या फोनवर स्क्रीनशॉटांचा पाऊस पडतो. सातपूर-अंबडची शिफ्ट सुटून येणारी मुलं रात्री अकराला विचारतात, सिन्नरहून एसटीने येणाऱ्या मुली पहाटे. माणसं बदलतात, प्रश्न तेच. प्रोसीजरच्या आतलं लॉजिक सहसा बरोबर असतं. घोळ असतो दारात, म्हणजे पॅरामीटरपाशी.

उदाहरण सगळीकडे एकच ठेवलंय, कांद्याच्या बाजारभावाचं. नाशिक जिल्ह्यात हे समजावून सांगावं लागत नाही. मूळ प्रोसीजर मायएसक्यूएल या डेटाबेसमधली आहे. एसक्यूएल सर्व्हर हा दुसरा डेटाबेस जिथे वेगळा वागतो तिथे तसं सांगितलंय.

डिलिमिटर //
क्रिएट प्रोसीजर भाव_नोंदव (
इन प_बाजार व्हारचार(५०),
इन प_तारीख डेट,
इन प_किमान डेसिमल(१०,२),
इन प_कमाल डेसिमल(१०,२),
आउट प_मधला डेसिमल(१०,२) )
बिगिन
इन्सर्ट इन्टू बाजारभाव (बाजार, तारीख, किमान, कमाल)
व्हॅल्यूज (प_बाजार, प_तारीख, प_किमान, प_कमाल);
सेट प_मधला = (प_किमान + प_कमाल) / २;
एंड //
डिलिमिटर ;

कोड देवनागरीत लिहिलाय तो मुद्दाम. मशीनवर कीवर्ड इंग्रजी अक्षरांत आणि आकडे इंग्रजी अंकांत स्वतःच्या हाताने टाइप करायचे. व्हॉट्सॲपवरून उचलून डकवलेल्या कोडात सरळ अवतरणचिन्हांच्या जागी गोलाईदार चिन्हं येतात आणि मग अर्धा तास ‘सिंटॅक्स बरोबर दिसतोय तरी चालत नाही’ यात जातो. आणि हो, किमान-कमालाची बेरीज करून निम्मं केलं म्हणजे सर्वसाधारण भाव निघत नाही, हे लासलगावला ट्रॅक्टर घेऊन गेलेला कुठलाही शेतकरी सांगेल. इथे फक्त आउट पॅरामीटर (इन मूल्य आत नेतो, आउट उत्तर बाहेर आणतो) शिकायचाय, म्हणून ‘मधला’.

पॅरामीटर आणि आर्ग्युमेंट एकच ना?

बोलताना सगळे एकच म्हणतात, मीही म्हणते. पण पावतीबुक डोळ्यांपुढे आणा. छापील रकान्यांची नावं, ‘माल’, ‘वजन’, ‘दर’, हे पॅरामीटर. आडत्याने पेनाने त्यात भरलं ते आर्ग्युमेंट. हे वेगळं धरण्याचा फायदा एवढाच, की एरर आली की पहिला प्रश्न विचारता येतो: रकाना चुकीचा छापलाय की भरणारा चुकलाय? म्हणजे क्रिएटची ओळ दुरुस्त करायची की कॉलची?

प्रोसीजर तयारच होत नाही. पहिल्या सेमीकोलनपाशी १०६४ (सिंटॅक्सचा एरर) येतो.

डिलिमिटर, म्हणजे वाक्य संपल्याची खूण, बदलायचा राहिला. प्रोसीजरच्या पोटात सेमीकोलन असतात, आणि क्लायंटला पहिला सेमीकोलन दिसला की तो तिथेच वाक्य तोडून सर्व्हरकडे पाठवतो. म्हणून आधी डिलिमिटर // करायचा, शेवटी परत सेमीकोलन.

डिलिमिटर ठीक असूनही १०६४ येत असेल तर पॅरामीटरच्या नावाआधी @ लावलंय का पाहा. एसक्यूएल सर्व्हरचा व्हिडिओ बघून मायएसक्यूएलमध्ये कोड लिहिणाऱ्यांचं हे हमखास होतं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये प्रत्येक पॅरामीटर @ ने सुरू झालाच पाहिजे. मायएसक्यूएलमध्ये @ म्हणजे सेशन व्हेरिएबल (कनेक्शन सुरू असेपर्यंत टिकणारं), पॅरामीटरला ते चालत नाही.

‘इनकरेक्ट नंबर ऑफ आर्ग्युमेंट्स, एक्स्पेक्टेड ५, गॉट ४’. मी तर चारही दिलेत!

चार दिलेत, पण रकाने पाच आहेत. आउट पॅरामीटरसुद्धा मोजला जातो. आपल्याला वाटतं, तो तर प्रोसीजर देणार, आपण कशाला द्यायचा. पण उत्तर ठेवायला भांडं आपणच द्यायचं असतं:

कॉल भाव_नोंदव('लासलगाव', '२०२५-०४-१५', ८००, १६५०, @मधला);
सिलेक्ट @मधला;

हा मायएसक्यूएलचा १३१८ क्रमांकाचा एरर. एसक्यूएल सर्व्हरमध्ये कमी दिले तर २०१ येतो आणि कुठला पॅरामीटर राहिला त्याचं नावही सांगतो. जास्त दिले तर ८१४४, आणि नावाचं स्पेलिंग चुकलं तर ८१४५. हे एरर भल्या माणसासारखे आहेत, तोंडावर सांगतात. खाली न बोलणाऱ्यांचं येईलच.

पाचव्या जागी @मधला ऐवजी ० किंवा नल (म्हणजे ‘मूल्यच नाही’) लिहून पाहिलंत तर १४१४ येतो. तिथे व्हेरिएबलच लागतं, मूल्य चालत नाही.

मॅडम, एसक्यूएल सर्व्हर म्हणतो पॅरामीटर दिलाच नाही. सी-शार्पमध्ये मी तर दिलाय, डिबगरमध्ये दिसतोय.

दोन कारणं, आणि दहातले नऊ वेळा यातलंच एक.

पहिलं म्हणजे कमांड टाइप ‘स्टोअर्ड प्रोसीजर’ असा लावायचा राहिला. मग डॉटनेट तुमच्या प्रोसीजरचं नाव साधा मजकूर समजून पाठवतो, पॅरामीटर सोबत जातात पण प्रोसीजरला जोडले जात नाहीत. प्रोसीजर रिकाम्या हातांनी चालू होते आणि २०१ देते. एरर खरा असतो, पण बोट भलतीकडे दाखवतो.

दुसरं, पॅरामीटरची किंमत सी-शार्पचा नल आहे. डॉटनेटच्या लेखी तो ‘काहीच दिलं नाही’. डेटाबेसचा नल पाठवायचा तर डीबीनल डॉट व्हॅल्यू द्यावं लागतं. फॉर्ममधला एखादा रकाना वापरणाऱ्याने रिकामा सोडला की हा एरर येतो आणि भरला की जातो. त्यामुळे टेस्टिंगला कधीच सापडत नाही, क्लायंटकडे पहिल्याच दिवशी सापडतो.

पायथॉनवाल्यांसाठी जाता जाता: एकच मूल्य पाठवायचं असेल तर नुसत्या कंसाने टपल होत नाही, मूल्यानंतर स्वल्पविराम लागतो. आणि मायएसक्यूएल कनेक्टरचं कॉलप्रोक वापरलं तर आउटची किंमत त्याच्या परत आलेल्या यादीत असते. तुम्ही दिलेल्या मूळ व्हेरिएबलमध्ये शोधत बसू नका.

आउट पॅरामीटर नलच येतो. एरर काहीच नाही.

आता मुक्यांची पंगत सुरू.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये आउटपुट हा शब्द दोनदा लिहावा लागतो, एकदा प्रोसीजरच्या व्याख्येत आणि एकदा बोलावताना. व्याख्येत लिहिला आणि एक्झेकच्या ओळीत विसरला तर प्रोसीजर निमूट चालते, आत हिशोब होतो, आणि बाहेरचं व्हेरिएबल जसं होतं तसंच राहतं. उलट केलं, म्हणजे व्याख्येत नाही आणि बोलावताना लिहिला, तर मात्र ८१६२ देतो. मला नेहमी वाटतं की ओरडायला पाहिजे होतं पहिल्या वेळी.

मायएसक्यूएलमध्ये आउटचं कारण बहुधा वेगळं निघतं. बाहेर @मधला दिलं आणि खाली सिलेक्ट @मधाला केलं. सेशन व्हेरिएबल आधी जाहीर करावं लागत नाही, म्हणून एक काना जास्त पडला तरी सर्व्हर नवं व्हेरिएबल समजतो आणि नल दाखवतो.

तिसरं कारण दोन्हीकडे लागू. आउटची किंमत सिलेक्टने (मायएसक्यूएलमध्ये सिलेक्ट इन्टूने) भरत असाल आणि त्या दिवशीची ओळच टेबलात नसेल, तर भरायला काही नसतं. मायएसक्यूएलमध्ये आउट पॅरामीटर प्रोसीजरच्या आत सुरुवातीला नलच असतो, बाहेरून काही भरून दिलं असलं तरी. बाहेरची किंमत आत न्यायची आणि बदलून परत आणायची असेल तर इनआउट हवा. एका ऐवजी अनेक ओळी सापडल्या तर मायएसक्यूएल ११७२ देऊन थांबतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये सिलेक्टने व्हेरिएबल भरताना अनेक ओळी आल्या तर तो कुठलीतरी शेवटची ठेवतो आणि गप्प बसतो.

आणि रिटर्न? एसक्यूएल सर्व्हरच्या प्रोसीजरमध्ये रिटर्न फक्त पूर्णांक देतो, तो काम झालं की नाही हे सांगण्यापुरता. भाव त्यातून पाठवू नका. मायएसक्यूएलच्या प्रोसीजरमध्ये रिटर्न चालतच नाही, तो फंक्शनचा.

एका दिवसाचा भाव दुरुस्त करायचा होता, सगळ्या टेबलाचाच बदलला! हे कसं?

हे माझ्या हातून झालंय, म्हणून सविस्तर सांगते. नोकरीच्या सुरुवातीला एका आडत व्यापाऱ्याच्या हिशोबाचं काम होतं. भाव दुरुस्तीची प्रोसीजर लिहिली, पॅरामीटरची नावं सुटसुटीत ठेवली: बाजार, तारीख, नवा. आत लिहिलं:

अपडेट बाजारभाव सेट किमान = नवा
व्हेअर बाजार = बाजार अँड तारीख = तारीख;

वाचायला किती छान. एका तारखेचा एक भाव दुरुस्त करायला म्हणून चालवली आणि खाली आकडा आला, काही हजार ओळी बदलल्या. मला वाटलं तो आकडा दुसऱ्याच कशाचा असेल. दिवाणजी काकांनी गेल्या महिन्याचा रिपोर्ट उघडला तेव्हा कळलं. प्रत्येक दिवशी, प्रत्येक बाजारात किमान भाव तोच.

कारण असं. मायएसक्यूएलमध्ये पॅरामीटरचं नाव आणि कॉलमचं नाव सारखं असेल तर पॅरामीटर जिंकतो. म्हणजे ‘बाजार = बाजार’ मध्ये दोन्हीकडे पॅरामीटरच. ‘लासलगाव’ बरोबर ‘लासलगाव’, नेहमीच खरं. व्हेअर असून नसल्यासारखा. आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून माझी नोकरी राहिली.

ओरॅकल या डेटाबेसमध्ये उलट, क्वेरीच्या आत कॉलम जिंकतो. निकाल तोच, सगळ्या ओळी. पोस्टग्रेसने यात शहाणपणा केलाय, त्याची प्रोसीजरची भाषा ‘नाव संदिग्ध आहे’ असा एरर देऊन थांबते. एसक्यूएल सर्व्हरला @ मुळे हा आजारच नाही, आणि त्या एका गोष्टीसाठी मी त्या @ ची कटकट माफ करते.

म्हणून आमच्या बॅचमध्ये प्रत्येक पॅरामीटरला ‘प_’ लागतो. कंटाळा आला तरी लागतो. मायएसक्यूएल वर्कबेंचमध्ये सेफ अपडेट नावाची खूण सुरुवातीपासून चालू असते, व्हेअरमध्ये की-कॉलम नसलेला अपडेट ती ११७५ देऊन अडवते. लोक वैतागून ती बंद करतात. मीही केली होती.

प्रोसीजर चालते पण एकही ओळ येत नाही. तीच क्वेरी बाहेर चालवली की येते.

पॅरामीटरला अवतरणचिन्ह लावलंय का? ‘व्हेअर बाजार = 'प_बाजार'’ असं लिहिलं की सर्व्हर प_बाजार नावाचं गाव शोधतो. असलं गाव चांदवडपासून इगतपुरीपर्यंत कुठे नाही. अवतरणं कॉल करताना, खऱ्या मूल्याला. आत पॅरामीटर उघडाच लिहायचा.

लाइकमध्ये (नावाचा तुकडा शोधताना) हेच जरा वेगळ्या वेषात येतं. '%प_बाजार%' लिहून आत किंमत जाऊन बसत नाही. कॉनकॅट('%', प_बाजार, '%') करावं लागतं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये अधिक चिन्हाने जोडायचं, पण पॅरामीटर कॅर नसावा, एनव्हारचार असावा. कॅर(२०) मागे रिकाम्या जागा भरून ठेवतो आणि लाइक त्या जागाही जुळवायला बघतो.

तरी येत नसेल तर पुढचे दोन प्रश्न वाचा, तारखेचा आणि मराठी मजकुराचा. आपल्याकडे उत्तर बहुतेक तिथेच सापडतं.

तारीख बरोबर दिली तरी चुकीची जाते. कधी एरर येतो, कधी येत नाही.

‘कधी’ म्हणजे महिन्याच्या कितव्या दिवशी, ते पाहा. गंमत नाही करत.

एसक्यूएल सर्व्हरची भाषा मूळ अमेरिकन इंग्रजी असेल तर '०५/०४/२०२५' ही त्याला ४ मे वाटते. आपण ५ एप्रिल म्हणून दिलेली असते. १२ तारखेपर्यंत हे असंच बिनबोभाट चालतं, कारण बारापर्यंतचा आकडा महिना म्हणून खपतो. तेरा तारीख उजाडली की तेरावा महिना कुठून आणणार, मग ८११४ येतो. म्हणून एक तारखेला बसवलेलं सॉफ्टवेअर तेरा तारखेला ‘अचानक बिघडतं’. ते पहिल्या दिवसापासून बिघडलेलंच होतं.

मायएसक्यूएल आपल्या पद्धतीने घोळ घालतो. तो वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने वाचतो. '०५/०४/२५' दिलं तर २००५ सालची २५ एप्रिल. एरर नाही.

उपाय एकच. मायएसक्यूएलला '२०२५-०४-०५', एसक्यूएल सर्व्हरला मधल्या रेघांशिवाय '२०२५०४०५'. रेघांचा प्रकार तिथे डेट टाइपला चालतो, पण जुन्या डेटटाइम टाइपला सर्व्हरची भाषा ब्रिटिश असेल तर तो दिवस आणि महिना उलटे वाचतो. पॅरामीटर व्हारचार ठेवून आत तारीख बनवायचा खटाटोप तर नकोच. पॅरामीटरचाच टाइप डेट ठेवा.

अजून एक. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘एक्झेक भाव_नोंदव 'लासलगाव', गेटडेट()’ असं थेट लिहिता येत नाही. एक्झेकच्या ओळीत फंक्शन किंवा बेरीज-वजाबाकी चालत नाही. आधी व्हेरिएबलमध्ये घ्या, मग ते द्या. मायएसक्यूएलच्या कॉलमध्ये चालतं.

मराठी नाव दिलं की ???? जातं, किंवा नाव अर्धवट साठतं.

प्रश्नचिन्हांचं सोपं आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये पॅरामीटर व्हारचार नको, एनव्हारचार हवा, आणि मराठी मूल्याच्या अवतरणाआधी मोठा एन लावायचा. दोन्ही. पॅरामीटर एनव्हारचार असूनही एन विसरला तर मजकूर दारात येण्याआधीच प्रश्नचिन्हं झालेला असतो. मायएसक्यूएलमध्ये टेबल, डेटाबेस आणि कनेक्शन, तिन्हींचा कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ एमबी-४ आहे का बघा. पॅरामीटर आपला कॅरेक्टर सेट डेटाबेसकडून घेतो, टेबलाकडून नाही. टेबल एका कोलेशनमध्ये (अक्षरांची तुलना करण्याचे नियम) आणि डेटाबेस दुसऱ्यात असेल तर १२६७ क्रमांकाचा ‘कोलेशन जुळत नाही’ एरर येतो, तोही याच घरातला.

अर्धवट नावाचं मात्र नीट समजून घ्या, कारण इंग्रजीतल्या पुस्तकात हे मिळत नाही. ‘पिंपळगाव बसवंत’ यात आपण मोजतो नऊ अक्षरं आणि एक जागा, झाली दहा. म्हणून मुलं लांबी १० ठेवतात. मशीन काना, वेलांटी, अनुस्वार सगळं सुटं मोजतं. त्याच्या हिशोबाने हे नाव १४ लांबीचं आहे. १० मध्ये मावतं ‘पिंपळगाव ब’.

मायएसक्यूएल स्ट्रिक्ट मोडमध्ये असेल, आणि ५.७ पासून तो मूळचाच तसा असतो, तर १४०६ देतो: डेटा कॉलमपेक्षा लांब. मुलं टेबलाचा कॉलम तपासतात, तो चांगला १०० चा असतो, आणि गोंधळतात. एररमधलं नाव नीट वाचा, तो पॅरामीटरलाच कॉलम म्हणतोय.

एसक्यूएल सर्व्हर काहीच बोलत नाही. पॅरामीटरच्या लांबीबाहेरचा मजकूर कात्रीने कापतो आणि पुढे जातो. याचं एक नमुनेदार उदाहरण बॅचमध्येच घडलं. लासलगाव बाजार समितीचा विंचूरला उपबाजार आहे, त्याचं नाव एका मुलीने ‘लासलगाव - विंचूर’ असं ठेवलं होतं. पॅरामीटर होता एनव्हारचार(८). कापून उरलं ‘लासलगाव’ आणि पुढे एक रिकामी जागा. आता एसक्यूएल सर्व्हर बरोबर चिन्हाने तुलना करताना शेवटच्या रिकाम्या जागा सोडून देतो. म्हणजे विचारला विंचूरचा भाव, उत्तर आलं मुख्य बाजाराचं. आकडाही पटण्यासारखा! बिचारीने तो खरा मानून पूर्ण रिपोर्ट बनवला.

लांबी लिहिलीच नाही तर? एसक्यूएल सर्व्हर पॅरामीटरची लांबी १ धरतो. ‘येवला’ चं ‘य’ होतं.

आणि ‘नाशिक’ की ‘नासिक’? आपल्याला दोन्ही चालतात, जुन्या कागदांवर स असतो. मशीनला ती दोन वेगळी गावं. ‘शेतकऱ्यांचा’ मधला र्‍य सुद्धा दोन कीबोर्डांवरून दोन तऱ्हेने टाइप होतो, दिसायला सारखा पण आतले कोड वेगळे. काही कोलेशन दोन्ही सारखे मानतात, बायनरी कोलेशन कधीच मानत नाही. माझं मत स्पष्ट आहे: नावाने शोधणारी प्रोसीजर लिहूच नका. बाजारांचं वेगळं टेबल करा, प्रत्येकाला क्रमांक द्या, पॅरामीटर इंट ठेवा.

भाव १२५०.५० दिला, साठला १२५१.

डेसिमलला कंसात काही दिलं नाही. मायएसक्यूएल त्याला (१०,०) समजतो, एसक्यूएल सर्व्हर (१८,०). दशांश स्थळं शून्य, म्हणून जवळच्या रुपयाला नेऊन बसवतो. डेसिमल(१०,२) लिहा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये दोन इंट पॅरामीटर भागले तरी उत्तर इंटच येतं, पैसे उडतात. तिथेही डेसिमल.

एखादा पॅरामीटर नाही दिला तरी चालावं असं करता येतं का?

एसक्यूएल सर्व्हरमध्ये येतं: @तारीख डेट = नल. बरोबर चिन्हानंतर स्थिर मूल्य किंवा नल लागतो, गेटडेट() चालत नाही. आजची तारीख हवी तर नल ठेवून आत, नल असेल तर आजची घ्या, असं लिहायचं. मायएसक्यूएलच्या प्रोसीजरमध्ये डिफॉल्ट नाहीच. तिथे नल स्वतःच्या हाताने पाठवा आणि आत कोअलेस वापरा.

पण नल पाठवून ‘व्हेअर बाजार = प_बाजार’ केलंत तर काहीच येणार नाही. नल कशाच्याच बरोबर नसतो, नलच्याही नाही. ‘दिला नाही तर सगळे बाजार’ हवं असेल तर (प_बाजार इज नल ऑर बाजार = प_बाजार) असं लिहा, आणि ते कंस विसरू नका. पुढे अँड लावलात आणि कंस नसले की वरचा ‘सगळ्या ओळी’ वाला प्रकार पुन्हा भेटेल.

किमानच्या जागी कमाल आणि कमालच्या जागी किमान गेलं.

दोन्ही एकाच टाइपचे, शेजारी-शेजारी. सर्व्हरला काय कळणार? एसक्यूएल सर्व्हरमध्ये नावाने द्या: @किमान = ८००, @कमाल = १६५०. मग क्रम कसाही चालतो. मात्र एकदा नावाने द्यायला लागलात की पुढचे सगळे नावानेच द्यायचे, नाहीतर ११९. मायएसक्यूएलमध्ये नावाची सोय नाही, क्रमच पाळावा लागतो. म्हणून आत पहिल्याच ओळीत तपासा, किमान कमालपेक्षा मोठा असेल तर सिग्नलने एरर फेका.

एकाच पॅरामीटरमध्ये तीन-चार बाजार द्यायचेत. ‘व्हेअर बाजार इन (प_बाजार)’ असं लिहिलं तर काही येत नाही.

'लासलगाव,येवला,मनमाड' ही तुम्हाला यादी दिसते. सर्व्हरला ते स्वल्पविराम असलेलं एक लांबलचक नाव दिसतं. मायएसक्यूएलमध्ये छोट्या यादीला फाइंड_इन_सेट पुरतं. स्वल्पविरामानंतर जागा सोडू नका, ती जागा नावाचा भाग होते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०१६ पासून स्ट्रिंग_स्प्लिट आहे.

टेबलाचं नाव पॅरामीटरने देता येईल का?

नाही. पॅरामीटर मूल्याच्या जागी बसतो, नावाच्या जागी नाही. मजकूर जोडून क्वेरी बनवून चालवता येते, पण ज्याने पहिली प्रोसीजर लिहिलीये त्याने एसक्यूएल इंजेक्शन (मूल्याच्या आडून घातक एसक्यूएल घुसवणं) वाचल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये. ‘कांदा_२०२४’, ‘कांदा_२०२५’ अशी टेबलं असतील तर खरा आजार तिथे आहे. एक टेबल करा, वर्ष कॉलममध्ये टाका.

पॅरामीटर बदलला, तरी जुनाच एरर येतोय.

फाइल बदलली, पण सर्व्हरवर जुनीच आहे. मायएसक्यूएलमध्ये अल्टर प्रोसीजरने पॅरामीटर बदलत नाहीत. ड्रॉप प्रोसीजर इफ एक्झिस्ट्स करून पुन्हा तयार करावी लागते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये अल्टर चालतो, आणि २०१६ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून क्रिएट ऑर अल्टरही. सर्व्हरकडे आत्ता काय आहे ते शो क्रिएट प्रोसीजर किंवा एसपी_हेल्पटेक्स्टने बघा. बघितल्यावर बहुतेक जण ‘अरेच्चा’ म्हणतात. १३०५ येत असेल तर प्रोसीजर दुसऱ्याच डेटाबेसमध्ये तयार झाली, वर यूझ लिहायचं राहिलं.

आत नेमकं काय पोहोचलं हे कसं पाहू?

प्रोसीजरच्या बिगिननंतर पहिलीच ओळ घाला:

सिलेक्ट प_बाजार, कॅर_लेंग्थ(प_बाजार), प_तारीख, प_किमान, प_कमाल;

एसक्यूएल सर्व्हरमध्ये सिलेक्ट किंवा प्रिंट, पोस्टग्रेसमध्ये रेझ नोटिस. लांबी छापायला विसरू नका. ‘लासलगाव’ ची लांबी ७ यायला हवी. ८ आली तर टोकाला जागा किंवा न दिसणारं काहीतरी चिकटलंय. मायएसक्यूएलमध्ये कॅर_लेंग्थ ऐवजी नुसतं लेंग्थ वापरलंत तर २१ दिसेल, घाबरू नका. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं असतं.

काम झालं की ही ओळ काढा. आमच्या बॅचमधल्या एकाने ठेवली तशीच, आणि त्याच्या ॲपमध्ये भावाच्या तक्त्याऐवजी तीच एक ओळ दिसत राहिली, कारण ॲप पहिलाच रिझल्ट उचलत होतं.

एवढं करून अडलं तर तुम्हाला काय पाठवू?

क्रिएटचा पूर्ण मजकूर, कॉलची ओळ जशीच्या तशी, एररचा क्रमांक आणि कुठला डेटाबेस, कुठली आवृत्ती. मजकूर कॉपी करून पाठवा. मोबाइलने काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो, त्यात ट्यूबलाइटची चकाकी आणि एरर अर्धा कापलेला, असा पाठवलात तर उत्तर द्वारका सर्कलच्या ट्रॅफिकसारखं येईल.